काळी जास्वंद

काळ्या-पांढऱ्या फिल्मवर मी काढलेल्या पहिल्या जास्वंदीच्या फोटोत जास्वंद दिसतच नव्हती.

पानं होती. पानांच्या कडांचे दाते होते, त्यांच्यावरचं सकाळचं ऊन होतं, मागची दगडी भिंत होती. आणि मधोमध, जिथे लालभडक फूल हवं होतं, तिथे पानांइतक्याच राखाडी रंगाचं काहीतरी चुरगळल्यासारखं पडलं होतं. निगेटिव्ह खिडकीशी धरून मी पुन्हा पुन्हा पाहिली. फोकस बरोबर, एक्स्पोजर बरोबर, फूल मात्र पानांत विरघळून गेलेलं. तेव्हा मला दादाचं लहानपणीचं म्हणणं एकदम कळलं. चाळीस वर्षं उशिरा, पण कळलं.

आमचं घर वाईचं. परसात विहिरीच्या कडेला जास्वंदीचं झाड होतं, अजूनही आहे. साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद, हल्लीच्या नर्सरीतली गुच्छासारखी डबल नव्हे. आजीला रोज पूजेला फुलं लागायची आणि चतुर्थीला गणपतीसाठी मोजून 21. फुलं काढायचं काम माझ्याकडे आणि दादाकडे. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उंच, त्याचा हात वरच्या फांदीपर्यंत जायचा. पण फुलं दिसायची मला. मी खालून सांगायचे, तिथे एक, त्याच्या मागे दोन, आणि दादा पानं बाजूला सारत चाचपडत राहायचा. आजी ओसरीवरून म्हणायची, "अरे नाकासमोर आहे की! डोळे कुठे आहेत तुझे?" तो काही बोलायचा नाही.

एकदा मी तापानं पडले होते आणि चतुर्थी होती. दादा एकटा गेला आणि 21 फुलं घेऊन आला. वेळ लागला, पण 21 आणली. मी विचारलं कशी शोधलीस, तर म्हणाला, "फूल नाही शोधायचं. दांडी शोधायची."

जास्वंद हातात घेऊन पाहिलीत तर त्याचं म्हणणं लगेच पटेल. फुलाच्या मधून एक लांब दांडी बाहेर येते, पाकळ्यांच्याही पुढे. तिच्या वरच्या अर्ध्या भागावर बारीक तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला पिवळ्या परागाचा दाणा. अगदी शेंड्याला पाच छोटे मखमली गोळे, लाल. दादाला पाकळ्या पानांतून वेगळ्या दिसत नव्हत्या, पण पिवळा त्याला लख्ख दिसतो. तेव्हा हिरव्यागार झाडात तो पिवळ्या ठिपक्यांची एक तिरपी रेघ शोधायचा. ती दिसली की तिच्या बुडाशी फूल असणारच.

त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे घरात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चित्रकलेच्या तासाला त्यानं झाडाला तपकिरी पानं रंगवली म्हणून सरांनी सगळ्या वर्गासमोर कागद फाडला होता, तेव्हाही नाही. लक्षात आलं ते तो बावीस वर्षांचा झाल्यावर, एका सरकारी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत. लेखी परीक्षेत तो निवडला गेला होता. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि आकडा वाचायला सांगितला. जपानच्या शिनोबू इशिहारा या डॉक्टरांनी 1917 साली तयार केलेली ती चाचणी. दादाला बहुतेक पानांवर नुसते ठिपके दिसले. नोकरी गेली. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. लाल उजेड टिपणाऱ्या पेशीच त्याच्या डोळ्यांत काम करत नाहीत, म्हणून लाल त्याला काळपट दिसतो. हे आईकडून आलेलं असतं; आईला स्वतःला त्रास होत नाही, मुलाला होतो. मग आईला आठवलं की तिचे वडीलही पिकलेली मिरची हातात घेऊन, दाबून बघायचे.

दादा वाईतच राहिला, हळदीच्या व्यापारात पडला. हळकुंड मोडलं की आतला पिवळा कसा आहे हे त्याच्याइतकं बारकाईनं सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा. आमच्या कामात रंग बाहेरून घालावा लागतो. रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला थेंब, तसाच काचेखाली ठेवला तर काही धड दिसत नाही; लेशमन स्टेन घातला की पांढऱ्या पेशींचं केंद्रक जांभळं होतं आणि पेशी मोजता येतात. त्यामुळे रंग म्हणजे माहिती हे माझ्या अंगात मुरलेलं. संध्याकाळी घरी येऊन मी जे करत होते ते बरोबर उलटं होतं. फुलांमधून रंग काढून टाकत होते, आणि पहिल्याच रोलमध्ये कळलं की रंग काढला की फूलही जाऊ शकतं.

याचं कारण साधं आहे. काळी-पांढरी फिल्म किंवा डिजिटल कॅमेऱ्याचा मोनोक्रोम मोड, दोघांनाही कळतो तो उजेड किती आला हे. तांबडा किती आणि हिरवा किती याचा हिशेब शेवटी एकाच राखाडीत होतो. जास्वंदीची पाकळी आणि तिचं पान रंगानं एकमेकांपासून कितीही लांब असले तरी उजेडाच्या मापात जवळजवळ बरोबरीचे. म्हणून गुलाब, कर्दळ, लाल कण्हेर, सगळ्यांची हीच गत होते.

फिल्मचं लालशी असलेलं वाकडं जुनं आहे. सुरुवातीच्या फोटोच्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जागायच्या. 1873 साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांना आढळलं की मिश्रणात विशिष्ट रंगद्रव्य घातलं की काच हिरव्या-पिवळ्यालाही जागते. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लाल सोडून बाकी सगळं दिसतं. लालसकट सगळं पाहणारी पँक्रोमॅटिक त्याच्याही नंतरची. तुमच्या घरी पणजीचा किंवा आजीचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो असेल तर एकदा तिच्या कपाळाकडे बघा. आमच्या आजीच्या लग्नाच्या फोटोत तिचं कुंकू काळं कुळकुळीत आहे, शाईचा थेंब ठेवल्यासारखं. लहानपणी मला वाटायचं, तिनं बुक्का लावलाय. कुंकू लालच होतं, काचेला ते दिसलं नव्हतं.

यावर उपाय म्हणजे रंगीत फिल्टर. लाल फिल्टर लावला की लाल उजेड आत येतो, हिरवा अडतो. फूल उजळतं, पान काळं होतं. हिरवा फिल्टर लावला की उलट. गडद लाल फिल्टर तीन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे 1/125 सेकंदात निघणारा फोटो 1/15 सेकंदात काढावा लागतो, आणि 1/15 ला वाऱ्याची झुळूकसुद्धा पुरते फोटो घालवायला. पिवळा फिल्टर एकच स्टॉप खातो, पण जास्वंदीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. डिजिटलवाल्यांचं काम सोपं आहे. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा; कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोनोक्रोम दिसत असला तरी फाइलमध्ये सगळे रंग शाबूत असतात. नंतर लाल, हिरवा, निळा यांचे स्लायडर हलवून हवं ते उजळा, हवं ते गडद करा. फोनमधला एका बोटाचा काळा-पांढरा फिल्टर मात्र वापरू नका. तो ही निवड तुमच्यासाठी आधीच करून टाकतो, आणि बहुतेक वेळा चुकीची करतो.

लाल फिल्टरमधली जास्वंद मी काढून पाहिली. पांढरीशुभ्र आली, काळ्या पानांवर. बघणाऱ्यांना आवडली, मला नाही आवडली. ती जास्वंद वाटतच नव्हती, कागदाची वाटत होती. लाल फुलाला वजन असतं. हिरव्या फिल्टरमध्ये ती काळोखी आली आणि पाकळीच्या वळणावर जिथे ऊन घसरलं होतं तेवढीच कड चमकली. दांडीवरचे पिवळे दाणे उजळून वर आले. तेव्हापासून जास्वंद मी काळीच काढते.

पांढऱ्या फुलांचा प्रश्न वेगळा. लोकांना वाटतं, पांढरं फूल, काळा-पांढरा फोटो, यात अवघड ते काय. पण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. अनंताचं फूल चौकटभर घेतलंत आणि मीटरचं ऐकलंत तर अनंत भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा येतो. एक ते दीड स्टॉप उजेड वाढवून द्यावा लागतो. आणि मागे काळं कापड लावून एकटी तगर ठेवलीत तर मीटर उलटा फसतो, काळ्याला राखाडी करायला जातो, आणि तगर जळून नुसता पांढरा डाग उरतो. मी आता फुलावर मीटर लावतच नाही. फुलाजवळ, त्याच उजेडात तळहात धरते, त्यावर मीटर लावते आणि एक स्टॉप वाढवते. कित्येक वर्षांत हे चुकलेलं नाही.

ऊन तर पांढऱ्या फुलाला अजिबात नको. पाकळीवर जे काही असतं, बारीक शिरा, पाकळीची जाडी, एका पाकळीची दुसरीवर पडलेली सावली, ते पांढरा आणि जवळजवळ पांढरा यांच्या मधल्या अगदी चिंचोळ्या पट्टीत असतं. ऊन आलं की ती पट्टी पुसली जाते. माझं आवडतं ठिकाण म्हणजे वाईच्या घरातली माजघराची उत्तरेकडची खिडकी. जाड भिंत, खोल कोनाडा, उजेड एका बाजूनं आणि मऊ. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावलीतला भाग थोडा उघडतो. पंखा बंद. वहिनी त्या वेळात माजघरातून जात नाही, कारण जुन्या तक्तपोशीवर पाऊल पडलं तरी तिवई थरथरते.

अनंताबद्दल आणखी एक. त्याच्या पाकळीला बोट लावायचं नाही. तासाभरात तिथे तपकिरी डाग उमटतो, आणि काळ्या-पांढऱ्यात तो डाग काळा होऊन ओरडतो. फूल नेहमी देठाला धरून आणायचं. पण दुसऱ्या दिवशीचा अनंत मला पहिल्या दिवशीपेक्षा जास्त आवडतो. पहिल्या दिवशी तो नुसता पांढरा असतो. दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो आणि लोक टाकून देतात. फोटोत तो पिवळा पांढऱ्याहून फार वेगळा दिसत नाही, दिसतो तो पाकळ्यांचा ढिलेपणा, मागे वळलेल्या कडा, कागद ओला होऊन वाळल्यावर येतात तशा लाटा. रंगीत फोटोत तुम्ही म्हणाल, शिळं फूल. इथे नजर आधी त्या लाटांवर जाते.

प्राजक्ताला मात्र वेळेची सक्ती आहे. पहाटे सहाला अंगणाच्या फरशीवर सडा असतो, आठ-नऊपर्यंत सगळं संपतं. मी पोटावर पडून काढते, खाली पोतं टाकून. उताणं पडलेलं फूल असेल तर चक्रासारख्या एका अंगाला वळलेल्या पाकळ्या दिसतात, आणि पालथं असेल तर देठाची नळी आकाशाकडे. केशरी देठ हे प्राजक्ताचं सगळ्यात गाजलेलं अंग, आणि फोटोत त्याचा रंगच नाही. एका मैत्रिणीनं विचारलं होतं, मग प्राजक्त काळ्या-पांढऱ्यात काढायचाच कशाला? मी तिला मोठा प्रिंट दाखवला. देठ राखाडी, पाकळ्या पांढऱ्या, आणि खालच्या दगडाच्या खडबडीवर प्रत्येक पाकळी कशी टेकली आहे, कुठे टेकली नाही, कुठे दवाचा थेंब पाकळीला दगडाशी चिकटवून बसलाय. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढं पातळ असतं हे?" इतकी वर्षं ती त्याचे हार करत आली आहे.

या वाटेनं माझ्या आधी गेलेल्या दोघांबद्दल सांगायलाच हवं. कार्ल ब्लॉसफेल्ट हे बर्लिनमधले कलाशाळेतले शिक्षक. विद्यार्थ्यांना झाडांचे आकार शिकवायचे म्हणून घरी बनवलेल्या कॅमेऱ्यानं कोंब, कळ्या, देठ, बोंडं मोठी करून काढायचे, काही 30 पटीपर्यंत. कित्येक वर्षं हे सगळं फक्त वर्गात दाखवण्यासाठी होतं. 1928 साली त्यांचं 'उरफॉर्मेन देअर कुन्स्ट' हे पुस्तक आलं तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. त्यांच्या फोटोंत नेचाचं वळलेलं टोक लोखंडी कठड्याच्या नक्षीसारखं दिसतं. मला त्यांचा धीर आवडतो. एकाच प्रकारचं काम, तीच साधी पाठ, तोच सपाट उजेड, वर्षानुवर्षं.

दुसरी इमोजेन कनिंगहॅम, कॅलिफोर्नियातली. घरात तीन लहान मुलगे, बाहेर जाऊन काम करणं कठीण, म्हणून तिनं आपल्या बागेतली फुलं काढायला घेतली. 1925 मधला तिचा मॅग्नोलियाचा फोटो जगभर गाजला. चौकटभर फूल, आणि मध्ये तो शंकूसारखा खांब. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी मंडईतून सोनचाफा आणला आणि पाकळ्या हळूच बाजूला केल्या. आत तेच. खाली पुंकेसरांचा दाट झुबका, मग थोडी उघडी दांडी, आणि वर हिरवट मण्यांचं छोटंसं कणीस. सोनचाफाही मॅग्नोलियाच, वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव आता मॅग्नोलिया चंपाका असंच आहे. आम्ही तो वासासाठी घेतो, केसात घालतो, पाण्याच्या बाटलीत ठेवतो. तो उघडून आत बघायचं मला एका परक्या देशातल्या शंभर वर्षं जुन्या फोटोनं शिकवलं. त्या कणसाचे मी आतापर्यंत तीन रोल घालवलेत आणि अजून मनासारखा फोटो आलेला नाही.

साताऱ्यात राहून कास टाळता येत नाही. सप्टेंबरात गेले होते, जागतिक वारशात आल्यानंतरच्या गर्दीत. गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी, डोळे भरून आले. फोटोत सगळं एकसारखं राखाडी गवत. त्या गालिच्याचं सगळं सौंदर्य रंगात आहे आणि तो रंगीतच काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त गेंदाची पांढरी बटणं, पाणथळ जागेत हजारोंनी डोलणारी, ती आपल्या कामाची. कुंपणाबाहेरून लांब लेन्सनं काढली. आत पाय ठेवून काढलेला फोटो कितीही चांगला आला तरी तो मला बघवत नाही.

ब्रह्मकमळाची रात्र मात्र लिहायलाच हवी. आपल्याकडे गच्चीत कुंडीत पावसाळ्यात फुलतं ते, हिमालयातलं नव्हे. हे मूळचं अमेरिका खंडातलं निवडुंगाच्या कुळातलं झाड. आमच्या सोसायटीत शेजारच्या काकूंकडे एका रात्री नऊ कळ्या एकदम उमलणार होत्या. मी त्यांना हात जोडून विनंती केली की आरती होईपर्यंत एक कोपरा मला द्या. एकच टेबललॅम्प, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे भिंतीवरून परतलेला उजेड फुलावर. मीटर म्हणाला दहा सेकंद. फिल्मचं असं असतं की उजेड फार कमी झाला की ती सुस्तावते, दहा सेकंदांचं काम दहा सेकंदांत करत नाही. माझ्या फिल्मला दहाच्या जागी वीस लागतात. ते वीस सेकंद मी मनात मोजले. प्रिंट केला तेव्हा आतल्या पाकळ्या, तो परागांचा पडदा, सगळं कोरल्यासारखं आणि बाहेरच्या बारीक पाकळ्यांची टोकं मात्र पुसट. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. फूल उमलत होतं. त्या वीस सेकंदांत ते हललं होतं. काकूंनी तो प्रिंट देवघरात लावलाय.

फिल्म मी घरीच धुते, न्हाणीघरात. पाणी 20 अंशांवर हवं, आणि साताऱ्याचा हिवाळा सोडला तर त्यासाठी बर्फ लागतो. डी-76 या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटं, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग भरपूर पाणी. हे सगळं डब्यात, अंधारातच भरलेलं. मागच्या वर्षी दादाचा मुलगा जर्मनीहून आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचे दोन रोल आणले. आजीच्या कुंकवाला न पाहणारी तीच जात, नव्यानं बनवलेली. तिची मोठी गंमत अशी की तिला लाल दिसत नसल्यामुळे लाल दिवा लावून, उघड्या ट्रेमध्ये, डोळ्यांदेखत ती धुता येते.

मी वाईला गेले. सकाळी परसातल्या जास्वंदीचे फोटो काढले, त्याच झाडाचे. संध्याकाळी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली, गडद लाल बल्ब लावला आणि दादाला बोलावलं. म्हटलं, ये, हे तुला बघायला मिळेल, डब्यात असतं तेव्हा काहीच दिसत नाही.

तो आत आला, मी दार लावलं आणि तो जागच्या जागी थांबला. त्यानं हात पुढे केला आणि माझा खांदा धरला.

"दिवा लावायचाय ना?" म्हणाला.

"लावलाय."

"कुठे?"

मला सगळं नीट दिसत होतं. ट्रे, पाणी, त्याचा चेहरा, चष्म्याच्या काचेत चमकणारा लाल ठिपका. त्याला बल्बच्या जागी नुसतं काहीतरी धुगधुगतंय एवढंच जाणवत होतं, बाकी काळोख. माझ्या हातातल्या फिल्मला तो दिवा दिसत नव्हता, आणि माझ्या खांद्याला धरून उभ्या असलेल्या दादालाही. मी इतकी वर्षं त्याचा आजार पुस्तकातून जाणत होते, आमच्या आजोबांपासून तो कसा आला याची आकृती मी कागदावर काढून आईला दाखवली होती. पण ते लाल न्हाणीघर त्याच्यासाठी अंधार आहे हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. फिल्मचा हातभर तुकडा दोन टोकांना धरून मी ट्रेमध्ये खालीवर करत राहिले आणि काय काय उमटतंय ते त्याला सांगत राहिले. आता भिंत आली. आता पानं आली. लहानपणी झाडाखाली उभी राहून सांगायचे तसंच.

रोल वाळल्यावर मी एक प्रिंट केला, आठ बाय दहाचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर त्याच्या हातात दिला. जास्वंद काळी होती, पानं तिच्याहून उजळ. दांडीवरचे परागाचे दाणे सुटे सुटे, मोजता येतील असे.

मी विचारलं, "असंच दिसतं का तुला?"

त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. प्रिंट उजेडाकडे वळवला, लांब धरला, जवळ आणला. "पिवळा नाही यात," म्हणाला. "मला तो दिसतो. बाकी फूल असंच. काळपट." मग वहिनीला हाक मारली. "हे बघ, मला काय दिसतं ते." लग्नाला तीस वर्षं झाली असतील. वहिनी पदराला हात पुसत आली, प्रिंटकडे बघितलं, मग झाडाकडे बघितलं, मग परत प्रिंटकडे.

"एवढं काळं?" म्हणाली.

"एवढं."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघांनी मिळून तो फोटो बराच वेळ पाहिला. वहिनी विचारत होती, मग टोमॅटो? मग माझी ती लाल इरकल? तो सांगत होता.

मी चहा ठेवायला उठले तेव्हा त्यानं मला थांबवलं. फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "आणि ही कळी सोडलीस की."

"कुठली कळी? पान आहे ते, दुमडलेलं."

"पान नाही. बुडाशी बघ, झालर आहे."

जास्वंदीच्या कळीच्या बुडाशी, देठ जिथे संपतो तिथे, बारीक हिरव्या पात्यांचं एक कडं असतं. पानाला ते नसतं. फोटो मी काढला होता, निगेटिव्ह मी धुतली होती, प्रिंट करताना त्या कोपऱ्यावर मी तीनदा फोकस तपासला होता. आतून लूप, म्हणजे छोटं भिंग, आणली आणि कागदावर टेकवून डोळा लावला.

सहा पाती मोजली. कळीच होती.